राजधानी सरहद्दीपलीकडे

ज्या मुलखाची जुनी राजधानीच त्या मुलखाच्या हद्दीबाहेर राहून गेली, असा मुलूख महाराष्ट्रात खानदेशावाचून दुसरा सहसा सापडणार नाही. फारुकी सुलतानांनी तापीच्या खोऱ्यावर दोनशे वर्षे राज्य केले. त्यांचे पहिले ठाणे थाळनेर आज धुळे जिल्ह्यात आहे आणि तिथे त्यांची दगडी थडगी अजून उन्हापावसात उभी आहेत. परंतु पुढे ज्या शहराला त्यांनी राजधानीचा मान दिला, १६०१ नंतर मोगलांनी ज्याला खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण केले, आणि ज्याच्या नावाशिवाय दख्खनच्या स्वारीचे एकही बाड पुरे होत नसे, ते बऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेशात आहे. शाळेत शिकलेला खानदेश जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत संपतो. इतिहासातला खानदेश तेवढ्यात मावत नाही.

मी नशिराबादचा. आमचे गाव नसीरखान फारुकीच्या नावाने वसले असे सांगतात, आणि याच नसीरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीच्या उत्तर तीरावर शेख बुऱ्हानुद्दीन या साधुपुरुषाच्या नावाने बऱ्हाणपूर आणि समोरच्या तीरावर शेख जैनुद्दीनाच्या नावाने जैनाबाद वसविले. म्हणजे परंपरा खरी मानली तर ही गावे एकाच राजाच्या इच्छेची अपत्ये होत. फरक एवढाच की, एकाच्या वाट्याला बादशहा, शहाजादे आणि वकील आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला तालुक्याची कचेरी आली, तीही फार दिवस टिकली नाही. इंग्रजी अमदानीत नशिराबाद हे तालुक्याचे ठाणे होते आणि इथल्या काचेच्या बांगड्यांची नोंद त्या काळच्या सरकारी गॅझेटियरात झाली आहे. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ जळगावावरून गेले, अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, व्यापारी पेठेकडे गेले, पेठ स्टेशनाकडे सरकली आणि कचेरीही त्यांच्या मागोमाग गेली. आमच्या वाट्याला भादलीचे लहानसे स्टेशन आले. आता गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग जातो, सिमेंटच्या मालमोटारी रात्रंदिवस धावतात, आणि गावातल्या जुन्या मशिदींकडे नमाजाला जाणाऱ्यांवाचून कोणी फारसे पाहत नाही. मी बऱ्हाणपुरास जावयाचे ठरविले ते आपल्या गावाचे थोरले भावंड कसे नांदते आहे हे पाहावे, एवढ्याच जिज्ञासेने.

खानदेशाची भूमी नकाशावर पाहिली तर तिचा स्वभाव चटकन ध्यानात येतो. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, आणि या दोहोंच्या मधून बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपाशी उगम पावलेली तापी, महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्यांच्या रीतीस सोडून, पश्चिमेची वाट धरून सुरतेकडे चाललेली. चांगदेवाजवळ तिला पूर्णा मिळते. पुढे वाघूर, गिरणा, पांझरा अशा नद्या दक्षिणेकडून येऊन मिळतात. आणि या साऱ्या नद्यांनी शतकानुशतके आणून टाकलेली काळी माती काठाकाठाने अशी खोल साचली आहे की विहीर खणताना दगड लागण्याची वाट पाहावी लागते. मात्र सातपुड्याच्या या भिंतीला बऱ्हाणपूरच्या उत्तरेस एक खिंडार आहे. नर्मदेकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजेला तोच सुलभ मार्ग, आणि त्या मार्गावर पहारा करण्यासाठीच जणू निसर्गाने अशीरगडाचा डोंगर तिथे उभा केला. मोगलांच्या फौजा ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने पुढे इंग्रजांनी खंडवा ते भुसावळ लोहमार्ग नेला. भूगोलापुढे बादशहाचे आणि इंजिनियराचे मत एकच पडले.

भुसावळहून आगगाडीने बऱ्हाणपूर सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि तासाभरात माणूस पोचतो. तरी मी मुद्दाम एस.टी.चा रस्ता पत्करला, कारण रेल्वेच्या खिडकीतून गावांच्या पाठीच दिसतात. साकेगावपाशी वाघूर ओलांडली, भुसावळच्या गर्दीतून गाडी बाहेर पडली आणि तापीचा पूल पार होताच मुलखाचा रंग पालटला. इकडे कापूस, तूर आणि ज्वारी. तिकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत केळीच्या बागा. वाटेवरच्या बामणोदची वांगी भरितासाठी साऱ्या खानदेशात नावाजलेली आहेत. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेले, लाकडी उखळीत हिरव्या मिरच्यांसह ठेचलेले आणि कळण्याच्या भाकरीबरोबर शेतातच खाल्लेले ते भरीत ज्यांनी चाखले नाही त्यांच्याशी वांग्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही.

फैजपूर आले. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ते इथले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, धनाजी नाना चौधरींसारखे इथलेच कार्यकर्ते व्यवस्थेत राबणारे, प्रचाराला साने गुरुजी, आणि मंडपाच्या शोभेसाठी शांतिनिकेतनाहून आलेले नंदलाल बोस. त्यांनी बांबू, चटया आणि गावात मिळणाऱ्या साध्या सामग्रीतून टिळकनगर उभे केले. ही हकीकत शाळेच्या पुस्तकात आहे. तिच्या आधीची, ८४ वर्षांपूर्वीची, पुस्तकात नाही. इंग्रजांनी नवी मोजणी आणि आकारणी आरंभिली तेव्हा १८५२ साली सावदा, फैजपूर आणि यावल या टापूतली रयत उठली. आपल्या बापजाद्यांच्या शेतात साखळी ओढली जाते म्हणजे सारा वाढणार, हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही. भिल्ल पलटण आणून पुढाऱ्यांना धरण्यात आले आणि मोजणी पुढे चालू झाली. अधिवेशनाला हा प्रदेश निवडताना तो दंगा कोणाच्या ध्यानात होता की नव्हता हे सांगता येत नाही. परंतु या भागातल्या शेतकऱ्याला सरकारदरबारी ताठ मानेने बोलण्याची सवय कुठून आली याचा विचार करणाऱ्याने तो दप्तरातला कागद एकदा चाळावा असे मला वाटते.

सावद्याला माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई येऊन बसल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारे मेथीचे जुडगे. त्यांची लेक बऱ्हाणपूरला दिलेली होती. मी म्हटले, “मावशी, परराज्यात लेक दिली?” त्यांनी माझ्याकडे क्षणभर असे पाहिले की प्रश्नच मूर्खपणाचा होता हे मला कळून चुकले, मग म्हणाल्या, “राज्य कोन पाह्यते भाऊ? अठी बी केयी, तठी बी केयी. पोरीले पानी भराले लांब जा लागत नाही, येवढं पाह्यलं.” आसोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी ज्या लेवा गणबोलीत बोलल्या आणि गायिल्या, तीच ही बोली; ती सावद्याला आहे, रावेरला आहे आणि सरहद्द ओलांडल्यावरही बऱ्हाणपूरच्या भोवतालच्या खेड्यांत कानांवर येते. पश्चिमेकडे गिरणा, पांझरेच्या काठी अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी आणि पावरा यांच्या बोली, पूर्वेकडे कोरकू, बाजारात हिंदी, मारवाड्याच्या पेढीवर मारवाडी. एवढ्या बोली एका खोऱ्यात नांदत असताना भाषेवरून राज्याची रेघ ओढणाऱ्यांना किती अडचण आली असेल याची कल्पना करावी.

रावेर सोडल्यावर गाडीत मी मोसमाची चौकशी केली. मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे पावसाच्या तोंडावरची आणि दिवाळीच्या सुमाराची लागवड, हे दोन शब्द इथल्या पंचांगाचे दोन खांब आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, केळीची पाने कडांनी करपतात आणि त्यानंतर एका संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला की वर्षाची बाग अर्ध्या तासात आडवी होते. तेवढ्यातून जे घड वाचतात त्यांच्या भावावरून रोज सकाळी गावोगाव जी चर्चा चालते तिच्यात बऱ्हाणपूरच्या लिलावाचे नाव हटकून निघते. एका राज्यातला शेतकरी दुसऱ्या राज्यातल्या बाजाराचा भाव ऐकून आपल्या बागेचा सौदा करतो. राजधानी गेली तरी पेठ राहिली, ती अशी.

चोरवडचा नाका आला. मालमोटारींची रांग, चहाच्या टपऱ्या, महाराष्ट्राचा निरोप घेणारी एक पाटी आणि मध्य प्रदेशाचे स्वागत करणारी दुसरी. दोन्ही पाट्यांच्या मागे केळी तीच, माती तीच. ही रेघ कोणी ओढली असे कोणी विचारले तर बहुतेक लोक राज्यपुनर्रचनेकडे बोट दाखवतील, आणि ते अपुरे आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी खानदेश आपल्या ताब्यात घेऊन त्याचा जिल्हा केला, कॅप्टन ब्रिग्ज यास त्यावर नेमले आणि धुळे हे मुख्य ठाणे ठरविले. परंतु बऱ्हाणपूर शिंद्यांच्या दौलतीत होते आणि ते तसेच राहिले. चाळीस वर्षांनंतर, १८६० च्या सुमारास, ते इंग्रजांकडे आले तेव्हा खानदेशाची घडी बसून गेली होती. त्याला निमाड जिल्ह्यात आणि पुढे मध्य प्रांतात घालण्यात आले. दोन्ही बाजूंना सरकार इंग्रजांचेच, पण एक इलाखा मुंबईचा आणि दुसरा नागपूरचा. पुढे १९०६ साली खानदेशाचेच पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० मध्ये पूर्वेला जळगाव हे नाव मिळाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाले, २००३ साली बऱ्हाणपूर हाही स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक वेळी सोय कारभाराची पाहिली गेली आणि प्रत्येक वेळी ती पाहणे योग्यही होते. शिंद्यांच्या एका जुन्या वहिवाटीची सावली एवढी लांब पडावी, हेच आश्चर्य.

अशा रेघा युरोपात रक्ताने ओढल्या गेल्या. १९२० च्या जूनमध्ये त्रिआनोंचा तह झाला आणि हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोनतृतीयांश मुलूख शेजाऱ्यांकडे गेला. तिथला एक परगणा, त्याचे नाव योगायोगाने बिहार, मधोमध चिरला गेला. नाज्यवाराद हे त्याचे जुने ठाणे रुमानियात पडले आणि पश्चिमेकडचा जो तुकडा हंगेरीत उरला त्याला बेरेत्त्योउय्फालू नावाच्या गावात नवी कचेरी थाटावी लागली. राजधानी पलीकडे आणि परगणा अलीकडे, ही गत आमच्यासारखीच. मात्र तिथल्या माणसांना आपल्या मावशीला भेटण्यासाठी परवाने काढावे लागले, आणि माझ्या बाकावरच्या बाई नाक्यावर झोपेतून जाग्याही झाल्या नाहीत. आमच्या मुलखाची दुसरी सरहद्द पश्चिमेला नवापूरला आहे. तिथले रेल्वे स्टेशनच महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या मधोमध पडले आहे आणि फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग या राज्यात व अर्धा त्या राज्यात आहे. लोक त्या बाकावर बसून छायाचित्रे काढतात. सरहद्दीचा याहून अधिक उपद्रव खानदेशाला झालेला नाही, हे आपले भाग्य म्हटले पाहिजे.

बऱ्हाणपुरात शिरताना जुन्या तटाचे दरवाजे दिसतात आणि त्यांच्या कमानीखालून रिक्षा, हातगाड्या आणि यंत्रमागावरच्या कापडाचे गठ्ठे यांची एकच झुंबड चाललेली असते. विणकरांचे हे शहर. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला तेव्हा त्याने इथली तलम वस्त्रे इराण, तुर्कस्थान, रशिया आणि पोलंडापर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले. म्हणजे ज्या हंगेरीचा दाखला मी वर दिला तिच्या शेजारघरी बऱ्हाणपूरची मलमल पोचलेली होती. आज यंत्रमागांचा खडखडाट गल्लीगल्लीतून ऐकू येतो. मलमल मात्र गेली.

शहराचा अभिमान मात्र मुमताजमहालवर फार विसावला आहे. १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथे वारली, तिचे शव काही महिने जैनाबादेकडच्या बागेत ठेवले होते आणि मग ते आग्र्यास नेले, एवढे खरे. परंतु ताजमहाल मुळात इथेच व्हावयाचा होता आणि अमुक कारणाने राहिला, ही कथा प्रत्येक वाटाड्या इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की ऐकणाऱ्याला बादशहाच्या कानात बसल्यासारखे वाटावे. मला ती कथा पटत नाही. न झालेल्या इमारतीपायी झालेल्या इमारती दुर्लक्षित राहतात हे त्याहून वाईट. मिर्झा राजे जयसिंह, ज्यांनी पुरंदरचा तह घडवून आणला, ते १६६७ मध्ये याच शहरात वारले आणि त्यांची छत्री इथे आहे. मराठी माणसाने ती पाहावी. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या कारकिर्दीत मराठ्यांनी याच शहराचे पुरे लुटले, हेही त्याला ठाऊक असावे.

जामा मशिदीत मी बराच वेळ होतो. काळ्या दगडाची, दोन उंच मनोऱ्यांची आणि घुमट नसलेली ही मशीद राजा अलीखान फारुकीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्याच्याच सोबत देवनागरीतला संस्कृत लेख आहे. सृष्टिकर्त्याला वंदन, फारुकी घराण्याची वंशावळ, आणि मग संवत १६४६, शके १५११, मास, पक्ष, तिथी, नक्षत्र असा आपल्या पंचांगाच्या रीतीने दिलेला काळ. अक्षरे लहान आणि उथळ कोरलेली. दुपारी मागच्या अंगणातला उजेड आत परावर्तित होतो तेव्हाच ती नीट लागतात. मी एकेक ओळ बोटाने हवेत गिरवीत वाचीत असता नमाजाची चटई उचलणारा एक वृद्ध खादिम जवळ आला आणि “आपको पढ़ना आता है? आगे बताइए क्या लिखा है” म्हणाला. मी सांगितले. तो हसला आणि म्हणाला, हे सगळे आम्हाला ठाऊक आहे, पण वाचून दाखवणारा मनुष्य रोज येत नाही. ज्या राजाने हा लेख कोरविला त्याला प्रजेची भाषा मशिदीच्या आत येणे अडचणीचे वाटले नाही. पुढे तो मोगलांच्या बाजूने लढताना १५९७ मध्ये मारला गेला आणि चार वर्षांत अशीरगड अकबराच्या हाती पडून घराणे बुडाले.

दुसऱ्या दिवशी कुंडी भंडारा. अब्दुर्रहीम खानखानान, जो हिंदीत रहीम म्हणून ओळखला जातो, तो इथला सुभेदार असता १६१५ च्या सुमारास एका इराणी जाणकाराच्या सल्ल्याने हे काम झाले. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जाते, ते वाटेत अडवून एका भूमिगत बोगद्यात घ्यावयाचे आणि उताराच्या बळाने, मोटेवाचून, शहरापर्यंत न्यावयाचे. बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, हवा आणि उजेड आत जाण्यासाठी. अशा कुंड्या शंभरावर आहेत. वरून पाहिल्या तर शेतात पडलेले दगडी कठडे वाटतात. खाली उतरल्यावर बाहेरचा उन्हाळा एकाएकी संपतो, पोटरीएवढे थंड पाणी वाहत असते, आणि माणसाच्या खांद्याएवढ्या रुंद त्या वाटेच्या दोन्ही भिंतींवर चारशे वर्षांच्या चुनखडीचा पांढरा थर असा चढला आहे की हात लावला तर तो खरखरीत, ओलसर आणि गार लागतो. वरच्या कुंडीतून गोल उजेड पाण्यावर पडतो आणि पुढची कुंडी अंधारात कुठेतरी तेवढ्याच उजेडाने दिसते. हे पाणी शहरातल्या काही वस्तीला अलीकडच्या काळापर्यंत मिळत होते. जळगाव जिल्ह्यात केळीपायी भूजल दरवर्षी खोल जात असताना, आणि शेतकरी कूपनलिका आणखी शंभर फूट खाली उतरवीत असताना, ज्या खोऱ्यात चार शतकांपूर्वी पाणी वर न उपसता वापरण्याची विद्या होती त्या खोऱ्यात तिचा अभ्यास कोणी शेतकीशाळेत शिकवीत नाही, हे मला मुमताजच्या कथेहून अधिक दुःखद वाटले.

अशीरगड मी पायथ्याहून पाहिला आणि माथ्यापर्यंत गेलो, पण गड आता वाऱ्याचा आहे. १८०३ मध्ये आणि पुन्हा १८१९ च्या एप्रिलात इंग्रजांनी तो घेतला. दुसऱ्या खेपेस शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने झुंज दिली. माथ्यावरून उत्तरेला नर्मदेकडचा मुलूख आणि दक्षिणेला तापीचे खोरे दिसते, आणि जो तट राखतो तो दख्खनचे दार राखतो हे वाक्य पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे उभे राहून अधिक कळते.

खानदेशातल्या शाळा दरवर्षी मुलांना अजिंठ्याला नेतात, आणि ते उत्तमच आहे. परंतु जळगाव, भुसावळ, रावेर आणि यावल येथील शिक्षकांनी त्यांना एकदा बऱ्हाणपूरलाही न्यावे; सकाळच्या गाडीने निघाले तर संध्याकाळी परत येता येते. कुंडी भंडाऱ्यात उतरण्यासाठी मे महिना टाळू नये, कारण खालचा गारवा तेव्हाच कळतो. आणि जामा मशिदीत संस्कृत लेख वाचण्यासाठी एखादा बऱ्यापैकी संस्कृत येणारा शिक्षक बरोबर घ्यावा.